लाइपझिगमधली शुक्रवारची संध्याकाळ : क्वायर आणि पाइप ऑर्गन पहिल्यांदा ऐकायला जाताना

संगीत नाटकांवर पोसलेल्या घरात 'ऑर्गन' हा शब्द परका नसतो. रंगमंचाच्या कडेला बसून, पायांनी भाता मारत नांदीचा सूर धरणारी ती पेटी आमच्याकडे आजोबांमुळे सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून नोकरीसाठी जर्मनीत लाइपझिगला आल्यावर कुणीतरी "शुक्रवारी टोमासकिर्शेत ऑर्गन ऐकून ये" म्हणालं, तेव्हा डोळ्यांसमोर तीच पेटी आली. टोमासकिर्शे म्हणजे सेंट थॉमसचं चर्च. तिथे गेलो, पुढची जागा पटकावली आणि अल्टारकडे, म्हणजे वेदीकडे, तोंड करून वाद्य शोधत बसलो. वाद्य कुठेच दिसेना. सहा वाजले आणि पहिला सूर पाठीमागून, वरून आला. आधी बाकाचं लाकूड थरथरलं, मग कानाला कळलं. मान वळवली तर मागच्या सज्ज्यावर एखाद्या वाड्याच्या दर्शनी भिंतीएवढं काहीतरी उभं होतं.

त्यानंतर बऱ्याच जणांना तिथे घेऊन गेलो. पुण्याहून आलेले आईबाबा, मास्टर्स करायला आलेली मुलं, बर्लिनहून एका दिवसासाठी आलेले मित्र. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. कपडे काय घालायचे, आपण ख्रिश्चन नाही तर चालेल का, कळणार काय त्यातलं. कपड्यांचं आधीच सांगून टाकतो : काहीही चालतं. हिवाळ्यात मात्र उबदार घाला. दगडी इमारत आहे, आत बसून थंडी वाजते. आणि हलल्यावर सळसळणारं जॅकेट शक्यतो नको.

आधी वार ठरवा

या कार्यक्रमाला तिथे 'मोटेटे' म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला. गातात ती टोमानर मुलं, म्हणजे या चर्चच्या क्वायरमधली (गायकवृंदातली) मुलं. हे क्वायर १२१२ पासूनचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचं. नऊ ते अठरा-एकोणीस वयाची साधारण शंभर मुलं. ती तिथल्या वसतिगृहात एकत्र राहतात, एकाच शाळेत शिकतात आणि रोज तालीम करतात. १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत या मुलांचा संगीतशिक्षक होता संगीतकार योहान सेबास्टियन बाख. त्याच्या पदाला 'टोमासकांटोर' म्हणतात. ते पद आजही आहे. २०२१ पासून ते आंद्रेआस राइत्से यांच्याकडे आहे. घराणं हा शब्द इथे ओढूनताणून लावायची गरज नाही, पण त्याच ठिकाणी, त्याच कामासाठी, आठशे वर्षं मुलं उभी राहून गातात हे लक्षात ठेवून गेलात तर ऐकण्यात फरक पडतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं शुक्रवार निवडावा असं माझं मत आहे. शनिवारी बहुतेक वेळा बाखचा एखादा कान्टाटा (गळे आणि वाद्यवृंद यांची अनेक भागांची रचना) असतो, सोबत लाइपझिगचा गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा. ते जास्त भरजरी, आणि म्हणून नवख्या कानाला जास्त गर्दीचं. शुक्रवारी बहुतांशी दोनच गोष्टी असतात : माणसाचे गळे आणि ऑर्गन. कान कुठे ठेवायचा ते लवकर कळतं. शिवाय डिसेंबरात बाहेर चार वाजताच अंधारलेलं असतं आणि जूनमध्ये कार्यक्रम संपला तरी काचांतून ऊन येत असतं. दोन्ही वेळा एकेकदा तरी जा.

जायच्या आधी चर्चचं वेळापत्रक बघाच. झाक्सन राज्याच्या शाळांना सुट्टी असेल किंवा मुलं दौऱ्यावर असतील तर त्या आठवड्यात दुसरंच क्वायर गातं. ते वाईट नसतं, अनेकदा फार छान असतं. पण मावशींना "बाखची मुलं ऐकवतो" म्हणून आणलं आणि सज्ज्यावर पन्नाशीची मंडळी दिसली की स्पष्टीकरण द्यावं लागतं. जूनमधला बाख महोत्सव, गुड फ्रायडेच्या सुमाराचे पॅशन (येशूच्या मृत्यूची कथा गाऊन सांगणाऱ्या रचना), डिसेंबरातला ख्रिसमस ओरेटोरिओ यांची तिकिटं वेगळी आणि आधीपासून काढावी लागतात. सुरुवात तिथून करू नका. बाखचा मॅथ्यू पॅशन जवळपास तीन तासांचा आहे आणि बाकं लाकडाची आहेत. एका मित्राला मी पहिल्याच खेपेला या पॅशनला नेलं. तो अजून माझ्याशी त्या विषयावर बोलत नाही.

पोचणं आणि बसणं

बर्लिनहून वेगवान गाडीनं सव्वा तास. लाइपझिगच्या मुख्य स्टेशनपासून चर्च चालत पंधरा मिनिटांवर आहे, चालायचं नसेल तर एस-बान या लोकल गाडीचं 'मार्क्ट' स्टेशन जवळ पडतं.

तिकीट असं नसतं. दारात छापील कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची, तोच प्रवेश. किंमत एका कॉफीच्या आसपास. सुटे पैसे जवळ असू द्या. जागा राखीव नसतात. दार साधारण पाऊण तास आधी उघडतं आणि चांगल्या जागा पहिल्या पंधरा मिनिटांत जातात, म्हणून मी सव्वापाचपर्यंत पोचतो. सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत असं धरूनच निघा. मध्यंतर नसतं, सगळा मामला तासाभराचा, तेव्हा बाथरूमचं काम आधी उरकून घ्या. खोकला असेल तर गोळीचा कागद बाहेरच काढून ठेवा. त्या दगडी शांततेत तो कागद किती वाजतो हे मी स्वानुभवानं सांगतो.

आता खरी गोष्ट. आपली सवय अशी की गाणं म्हणजे समोर बसलेला माणूस. त्याचे हात, चेहरा, तबलजीकडे टाकलेली नजर, हे सगळं आपण गाण्याबरोबर ऐकतो. पहिल्या रांगेसाठी भांडतो. इथे पहिली रांग ही सगळ्यात निरुपयोगी जागा आहे. मुलं आणि मोठा ऑर्गन पश्चिमेच्या सज्ज्यावर, म्हणजे अल्टारकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीशी आणि डोक्यावर. सारखं वळून बघणं शिष्टसंमत नाही आणि बघून फारसं काही दिसतही नाही. तेव्हा मधल्या भागात, चर्चच्या लांबीच्या निम्म्यावर बसा. तिथे गळे आणि ऑर्गन एकमेकांत मिसळून पोचतात, पण शब्द अगदी विरघळून जात नाहीत. खांबाच्या मागची जागा टाळा. एखाद्या दिवशी बाजूचे सज्जे खुले असतील आणि कुणी वर जाऊ देत असेल तर मात्र जरूर जा, मुलं गाताना दिसतील.

दिसणार नाही म्हणून माझी आई आधी हिरमुसली होती. दहा मिनिटांनी पाहिलं तर डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. "झोपले नव्हते रे," ती नंतर म्हणाली, "बघायला काही नाही म्हटल्यावर ऐकायलाच लागले."

ही उपासना आहे, आणि दाद गिळायची आहे

मोटेटेचा क्रम साधारण असा : सुरुवातीला ऑर्गन, मग क्वायरची एक-दोन गाणी, बायबलमधला उतारा, थोडं निरूपण, सगळ्यांनी मिळून म्हणायचं एक स्तोत्र, पुन्हा क्वायर, प्रार्थना, आशीर्वाद. कीर्तनात आख्यान आणि गाणं जसं एकमेकांत असतं तसंच, फक्त इथे गाण्याचं पारडं फार जड. तुमचा धर्म कोणी विचारत नाही. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. स्तोत्राचे शब्द पत्रिकेत असतात. म्हणावंसं वाटलं तर म्हणा, नाहीतर नुसतं उभं राहून शेजारच्या आजींचा आवाज ऐका. माझ्या मते तो या तासातला एक भारी क्षण आहे, कारण तेव्हा ऑर्गन सगळ्या चर्चला साथ करत असतो आणि तुम्ही त्या आवाजाच्या आत असता.

टाळ्या नाहीत. मधेही नाहीत आणि शेवटीही नाहीत. फोटो, रेकॉर्डिंग नाही.

आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं ते हेच. आपल्याकडे मैफलीत गप्प बसलेला श्रोता म्हणजे गवयाला शिक्षा. समेवर मान हलली पाहिजे, जागा चांगली गेली तर तोंडातून काहीतरी निघालं पाहिजे. बाबांनी पहिल्याच मोटेटच्या, म्हणजे क्वायरनं म्हणायच्या धार्मिक रचनेच्या, शेवटी खणखणीत "वा!" केलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. रागानं नव्हे, काही पडलं का असं पाहतात तसं. पुढचा पाऊण तास बाबा दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते.

दादेची जागा इथेही आहे, फक्त ती आवाजाची नाही. शेवटचा स्वर थांबतो, पण इमारत तो लगेच सोडत नाही. वर कमानींमध्ये तो काही क्षण फिरत राहतो, बारीक होतो, आणि संपला की नाही ते नक्की सांगता येत नाही. तेवढ्या वेळात कुणी हलत नाही, पान उलटत नाही. ती शेकडो माणसांनी मिळून दिलेली दाद असते. पत्रिका त्या क्षणी हातातून पडू देऊ नका, एवढंच.

ऑर्गन : भाता तोच, बाकी सगळं वेगळं

आपली पेटी आणि नाटकातला ऑर्गन या दोन्हींत हवा पितळी पट्टीवरून जाते आणि पट्टी थरथरते. पाइप ऑर्गनमध्ये हवा नळीत जाते. बहुसंख्य नळ्या बासरीच्या जातकुळीच्या असतात, फटीच्या कडेवर हवा आपटून वाजणाऱ्या. काहींत जिभली असते, त्या सनईसारख्या किंवा तुतारीसारख्या वाजतात. एका नळीतून एकच स्वर निघतो. म्हणजे कीबोर्डवरच्या प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र नळी, आणि प्रत्येक प्रकारच्या आवाजासाठी नळ्यांचा स्वतंत्र संच. अशा संचाला रजिस्टर म्हणतात. वादकाच्या दोन्ही बाजूंना मुठी असतात, त्या ओढल्या की ते ते रजिस्टर चालू. पेटीचे स्टॉपर ओढतो तसंच, पण टोमासकिर्शेतल्या मोठ्या ऑर्गनमध्ये अशी ८८ रजिस्टरं आहेत. विल्हेल्म झाउअर यांनी तो १८८९ मध्ये बांधला आणि १९०८ मध्ये वाढवला. बाखच्या काळी भाता मारायला माणसं लागत, पायांनी दाबून दाबून. आता विजेचा पंखा असतो.

नळीची लांबी फुटांत सांगतात. आठ फुटांच्या उघड्या नळीचा स्वर सेकंदाला साधारण ६५ कंपनांचा. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली. मोठ्या ऑर्गनमध्ये बत्तीस फुटांपर्यंत जातात, आणि तिथे सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला सोळाच कंपनांचा असतो, कानाच्या मर्यादेच्याही खाली. तो ऐकू येत नाही, छातीत कळतो. बाक का थरथरलं याचं उत्तर हे. खालचे स्वर वादक पायांनी वाजवतो. पायांसाठी वेगळा कीबोर्ड असतो आणि त्यासाठी पातळ तळव्याचे खास बूट घालतात.

आणखी एक गोष्ट पेटीवाल्यांना लगेच जाणवेल. पट्टी जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज तेवढाच. बोट आहे तोवर स्वर आहे, बोट उचललं की स्वर गेला. मग भाव कुठून येतो? वेळेतून. स्वर किती धरायचा, दोन स्वरांमध्ये केसभर जागा कुठे ठेवायची, यातून. तंबोऱ्यासारखा न संपणारा सूर आणि त्यात वादकानं मुद्दाम कापलेल्या फटी, असं ऐका.

टोमासकिर्शेत दुसराही एक ऑर्गन आहे, उत्तरेच्या सज्ज्यावर. बाखच्या मृत्यूला अडीचशे वर्षं झाली तेव्हा, २००० मध्ये, गेराल्ड व्योल यांनी बांधलेला, ६१ रजिस्टरांचा. झाउअरचा ऑर्गन मखमली, गडद, एकोणिसाव्या शतकातल्या संगीतासाठीचा. बाखच्या बारीक विणीच्या रचना त्यावर थोड्या धूसर होतात, म्हणून हा स्वच्छ, धारदार आवाजाचा. सूर मागून आला की बाजूनं आला एवढ्यावरून कोणता वाजतोय ते तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखता येईल. सोबतच्या माणसावर छाप पडते.

क्वायर ऐकताना कान खाली ठेवा

"कळणार काय?" याचं उत्तर देताना मी वारीच्या दिंडीचं उदाहरण देतो. तिथे शंभर टाळकरी एकच चाल म्हणतात. इथे शंभर मुलं चार चाली एकाच वेळी म्हणतात, आणि त्या चारही चाली स्वतंत्रपणे उभ्या राहू शकतील अशा असतात. वरचे दोन आवाज, सोप्रानो आणि आल्टो, लहान मुलांचे. टेनर आणि बास आवाज फुटलेल्या मोठ्या मुलांचे. गेल्या वर्षी वरच्या रांगेत गाणारा मुलगा सहा महिने गप्प राहून परत येतो तो बास होऊन, असंही होतं.

आपला कान आपोआप सगळ्यात वरच्या चालीला चिकटतो, कारण आपल्याला एकच मुख्य धून शोधायची सवय. मग बाकी सगळं मागचा गलका वाटतो आणि दहा मिनिटांत कंटाळा येतो. माझा एकमेव ठाम सल्ला : पहिली पाच मिनिटं फक्त बास ऐका. खालचा, जाडा, सावकाश चालणारा आवाज. तो कुठे चढतो, कुठे थांबतो, एवढंच. तो एकदा हाताला लागला की वरचे तिघे त्याच्या खांद्यावर उभे आहेत हे कळतं. मग पुढच्या गाण्यात एक आवाज सोडून दुसरा पकडा. सगळे एकदम ऐकायचा हट्ट पहिल्या खेपेला करू नका, तो मलाही अजून जमत नाही.

एक खूण आणखी. कधीकधी एक आवाज एकटाच एक छोटी ओळ घेऊन निघतो, ती पुरी होते न होते तोच दुसरा आवाज तीच ओळ वेगळ्या पट्टीत उचलतो, मग तिसरा, मग चौथा. याला फ्यूग म्हणतात. ती ओळ तोंडपाठ असल्यासारखी लक्षात ठेवा आणि ती पुन्हा कुठून डोकं वर काढते ते शोधत राहा. मुखडा पकडून सम गाठायच्या खेळाची ज्याला चटक आहे त्याला हा खेळ फार लवकर जमतो.

शक्य असेल तर जायच्या आधी घरी बाखचं 'येझू, माइने फ्रॉइडं' एकदा ऐका. त्याचे अकरा भाग आहेत आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम भागांत एका जुन्या स्तोत्राची तीच चाल पुन्हा पुन्हा येते, दर वेळी वेगळ्या सजावटीनं. दुसरं ऐकायचं ते 'झिंगेट डेम हेर्न'. त्यात चार-चार आवाजांची दोन क्वायर एकमेकांना उत्तरं देतात, सवालजवाबासारखी. १७८९ मध्ये मोत्सार्ट लाइपझिगला आला असताना टोमानर मुलांनी त्याला हेच गाऊन दाखवलं होतं, आणि इथे अजून शिकण्यासारखं काही आहे, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. जर्मन येत नसेल तर बिघडत नाही, पण पत्रिकेतल्या शब्दांवरून फोननं आधी एक नजर फिरवून घ्या. 'मृत्यू' या शब्दावर स्वर खाली का गेला, ते मग आपोआप दिसतं.

'मोटेट' हा शब्द आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही, बरं का. गोव्यात ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत चर्चमध्ये मोटेट गायले जातात, गोव्याच्याच संगीतकारांनी रचलेले, व्हायोलिनच्या साथीनं. मांडो ही कोकणी गाणीही दोन आवाजांत गातात. गोव्याकडची एक मैत्रीण माझ्यासोबत आली होती, तिला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. उलट आल्टो जरा कमी पडला असं तिनंच मला सांगितलं.

संपल्यावर लगेच पळू नका

आशीर्वादानंतर शेवटी पुन्हा ऑर्गन वाजतो. काही लोक उठू लागतात. तुम्ही बसून राहा. अनेकदा सगळ्यात मोठा तुकडा तोच असतो. मग अल्टारकडे जा. तिथे जमिनीत बाखची कबर आहे, पितळी रंगाच्या पाटीवर फक्त नाव. फुलं बहुधा असतातच. बाखला मुळात दुसऱ्या चर्चच्या आवारात पुरलं होतं. ते चर्च दुसऱ्या महायुद्धात गेलं आणि १९५० पासून तो इथे आहे.

बाहेर त्याचा पुतळा आहे, १९०८ चा. कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला दिसेल. पगारावरून वरिष्ठांशी सतत कटकट करणाऱ्या माणसाचा रिकामा खिसा, असा अर्थ गावातले लोक लावतात. मात्र बागेकडच्या बाजूला बाखचंच एक लहान, जुनं स्मारक आहे, तेही चुकवू नका. ६ ऑगस्ट १८४० च्या संध्याकाळी संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोन याच चर्चमध्ये एकटा ऑर्गनवर बसला, बाखच्या रचना वाजवल्या, आणि ते उत्पन्न या स्मारकाला दिलं. १८४३ मध्ये ते उभं राहिलं. मेंडेल्सझोनचा स्वतःचा पुतळा नाझींनी १९३६ मध्ये उखडून टाकला, कारण तो जन्मानं ज्यू. त्याची प्रतिकृती २००८ पासून चर्चजवळच उभी आहे. दोन्ही पुतळे आणि ते स्मारक मिळून चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

बाबांनी तिथे, खिशाच्या पुतळ्यासमोर, मांड्यांखालचे हात अखेर मोकळे केले आणि तासाभराची साठलेली दाद एकदम दिली. दोन जर्मन सायकलवाले थांबून बघत होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार मोकळा असेल तर तीनच्या मोटेटेलाही या, पण बसा मुद्दाम वेगळ्या जागी, अगदी मागे सज्ज्याच्या खाली किंवा अल्टारच्या जवळ. आवाज किती बदलतो ते कळेल. त्याआधी बेकरीतून 'लाइपझिगर लेर्शे' घ्या. लेर्शे म्हणजे चंडोल. पूर्वी इथे खरेच चंडोल पक्षी पेस्ट्रीत भरून खात; १८७६ मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली आणि बेकरीवाल्यांनी बदामाचं सारण भरायला सुरुवात केली. शाकाहाऱ्यांना चालतं, अंड्याचं मात्र विचारून घ्या.